एका कपाटातल्या दोन वह्या

परवा पालघर स्टेशनबाहेर एक ताई भेटल्या. माझी जुनी विद्यार्थिनी. कडेवर सहा वर्षांची मुलगी, खांद्याला प्लास्टिकची मोठी पिशवी आणि पिशवीत कागदच कागद. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणाली, "गुरुजी, सर्टिफिकेट एका हापिसात, व्यायाम दुसऱ्या ठिकाणी, खुर्ची मिळणार ती कुठल्या तरी शिबिरात. आणि शाळा म्हणते, आधी सगळं घेऊन या. हे लोक एकमेकांशी बोलत का नाहीत?"

लोकल आली आणि ती घाईत गेली. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

मंडळी, मी उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर शंभरएक वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. पण त्या इतिहासातलं एक पान माझ्या स्वतःच्या चुकीचं आहे. तेवढं झाकून बाकीचं सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०१३-१४ चं शैक्षणिक वर्ष. आपला जिल्हा तेव्हा अजून ठाण्यातच होता. मी एका पाड्यावरच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. तिसरीत एक मुलगा होता. शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हाक मारली तर बघायचा नाही, खिडकीबाहेर पाहत बसायचा. मी त्याला पहिल्या बाकावर आणलं आणि नोंदवहीत शेरा लिहिला : "लक्ष देत नाही. घरी अभ्यास घेणे आवश्यक." घरी अभ्यास कोण घेणार? आईबाप दोघंही दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारे.

पावसाळ्यात आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले आणि कार्डावर लिहिलं की कान वाहतो, कमी ऐकू येतं, पुढच्या तपासणीसाठी पाठवावं. मी ते कार्ड आरोग्याच्या वहीत नीट लावलं आणि वही कपाटात ठेवली. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेलं. पोरगंही त्यांच्याबरोबर गेलं.

पुढे गट साधन केंद्राकडून पत्र आलं की विशेष गरजा असणाऱ्या मुलांची यादी पाठवा. मी दुसरी वही काढली आणि एकच नाव लिहिलं. एका मुलीचं, जी लंगडत चालायची. तिचं लिहिलं कारण ते डोळ्यांना दिसत होतं. या मुलाचं नाव सुचलंच नाही, आणि तो तेव्हा वर्गातही नव्हता.

तो पाचवीत असताना एक विशेष शिक्षक शाळेत आले. त्यांनी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. तो वळला नाही. मी त्याच्या आईला बोलावलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "बाई, पोराला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

ती म्हणाली, "गुरुजी, डॉक्टरनी तवाच सांगितलेलं. कार्ड तर तुमच्याच कपाटात हाय. तुम्ही सांगाल कधी जायचं, म्हणून थांबलो."

मी कपाट उघडलं. दोन्ही वह्या एकाच फळीवर होत्या. एकीत त्याचं नाव होतं, दुसरीत नव्हतं. मध्ये दोन वर्षं गेली होती. ऐकून ऐकून भाषा शिकण्याची दोन वर्षं. ती कुठल्याही योजनेतून परत मिळत नाहीत.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, पण बघा. ते पथक ज्या योजनेचं होतं, तिचा देशपातळीवरचा शुभारंभ आपल्या पालघरमध्येच झाला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ६ फेब्रुवारी २०१३. सोनिया गांधी आल्या होत्या. तुमच्यापैकी काही जण त्या सभेला गेलेही असतील. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी करायची, जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर हे चार गट तपासायचे, एकूण ३० प्रकारच्या अडचणी शोधायच्या. पथकात एक पुरुष आणि एक महिला असे दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र. योजना चांगली आहे, हे मी आजही म्हणतो. त्या पथकाने त्याचं काम चोख केलं होतं. शोधायचं ते शोधलं, लिहायचं ते लिहिलं. गाडं अडलं ते लिहिल्यानंतर.

हे अडतं का, ते कळायला मागे जायला हवं.

शाळेतल्या मुलांची डॉक्टरांकडून तपासणी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९०९ साली बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथूनच मोजतात. १९४६ च्या भोर समितीने आरोग्याच्या अंगाने शाळेचा विचार केला. १९६० मध्ये रेणुका राय समिती खास शालेय आरोग्यासाठी नेमली गेली. ही एक वाट झाली, आरोग्य खात्याची.

दुसरी वाट अपंग मुलांच्या शाळांची. ती सरकारने नाही, मिशनऱ्यांनी आणि आईबापांनी पाडली. १८८० च्या दशकात मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दादर आणि ताडदेवला अंध मुलांसाठी शाळा झाल्या. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी जी शाळा सुरू केली, ती आजची शिवडीची जय वकील. १९७७ मध्ये नाशिकला रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी काढली, तीही स्वतःच्या मुलाच्या काळजीतून. यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते का? पुष्कळदा घरातल्या मुलाला कुठे जागा मिळाली नाही, म्हणून आईबापांनी शाळा काढली.

१९४४ मध्येच सार्जंट अहवाल आला. इंग्रज सरकारचा, युद्धानंतरच्या शिक्षणाचा आराखडा. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की अपंग मुलांचं शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावा आणि ते शिक्षण खात्याने चालवावं. स्वातंत्र्यानंतर झालं उलट. ही मुलं समाजकल्याणाकडे गेली. म्हणजे इतर मुलांना शिक्षण आणि या मुलांना कल्याण! कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये पुन्हा सांगितलं की शक्य तितक्या मुलांना नेहमीच्या शाळेतच घ्या. १९७४ मध्ये त्यासाठी केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना निघाली, तीसुद्धा समाजकल्याण खात्यातूनच. शिक्षण खात्याकडे ती यायला १९८२ उजाडलं.

दरम्यान १९८१ मध्ये साहित्य-साधनांची योजना आली. कुबड्या, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र. ती राहिली कल्याण खात्याकडे. १९७५ मध्ये अंगणवाडीची योजना सुरू झाली होती, ती पुढे महिला व बालविकासकडे गेली. प्रमाणपत्र डॉक्टरांनी द्यायचं, म्हणून ते आरोग्याकडे. मोठं रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं असेल तर त्याचं खातं आणखी वेगळं, वैद्यकीय शिक्षण. २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. त्याचं स्वागतच आहे. पण मोजून बघा : शालेय शिक्षण, आरोग्य, महिला-बालविकास, वैद्यकीय शिक्षण, दिव्यांग कल्याण. मूल एक आणि खाती पाच.

प्रत्येक वेळी जे आलं ते चांगल्या हेतूनेच आलं, हे नमूद करतो. कुणी मुद्दाम त्रास द्यायला खिडकी उघडली नाही. पण दर पिढीत एक नवी खिडकी उघडली, आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत कागद न्यायचं काम कुणाला दिलंच नाही. ते आपोआप आईकडे आलं. स्टेशनवरच्या त्या पिशवीचा इतिहास हा असा आहे.

यापेक्षा वेगळं करून दाखवणारी माणसंही आपल्याकडे होऊन गेली, आणि त्यांतली दोन तर आपल्या अंगणातली.

१९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि काम सुरू व्हायचं ते पाटीपासून नाही, स्वच्छतेपासून. मूल स्वच्छ झालं, बरं वाटलं, की मग गाणी आणि गोष्टी. आरोग्य आणि शिक्षण ही दोन खाती आहेत हे त्या बायांच्या मनातच नव्हतं. त्यांच्यापुढे एक अख्खं मूल होतं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. मिथू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. इंग्लंडमध्ये त्यांनी पाहिलं की अशी मुलं शिकू शकतात. परत येऊन १९७२ मध्ये त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, कुलाब्यात तीन मुलांना घेऊन. तिथलं वेगळेपण असं की फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि शिक्षण एकाच छपराखाली होतं. डॉक्टर आणि बाई एकाच मुलाबद्दल एकमेकांशी बोलायचे. साधी गोष्ट वाटते ना? आज आपल्या तालुक्यात किती ठिकाणी असं होतं, ते तुम्हीच सांगा.

"पण गुरुजी, आता कायदा आहे ना?" आहे, आणि चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ झाले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, थॅलेसेमिया आणि सिकलसेलसुद्धा आले. सिकलसेल आला हे आपल्या आदिवासी पट्ट्यासाठी किती मोठं आहे, ते वेगळं सांगायला नको. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पण कायदा नीट वाचा. शिक्षणाच्या प्रकरणात कलम १७ आहे. ते म्हणतं, दिव्यांग मुलं शोधण्यासाठी शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा. आरोग्याचं कलम २५ म्हणतं, धोक्याच्या गटातली मुलं ओळखण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी करा. दोन्ही कलमं योग्य आहेत. पण ही यादी आणि ती यादी समोरासमोर कुणी ठेवायची, हे या दोन कलमांत लिहिलेलं नाही. वाचताना मला माझं कपाट आठवलं. एका फळीवर दोन वह्या.

मग शासन निर्णय निघतात. त्यांत एक वाक्य हमखास सापडतं : "संबंधित विभागांनी समन्वयाने कार्यवाही करावी." मी वर्षानुवर्षं व्याकरण शिकवलं. या वाक्यात कर्ता कोण? "संबंधित विभाग." म्हणजे कुणीच नाही. परीक्षेत असं वाक्य आलं असतं तर मी अर्धा गुण कापला असता.

बाहेर काय चित्र आहे? इंग्लंडमध्ये १९७८ मध्ये वॉर्नॉक समितीचा अहवाल आला. दर पाचातल्या एका मुलाला शाळेच्या वयात कधी ना कधी विशेष मदतीची गरज लागू शकते, असं त्यांनी मांडलं. त्यात आणखी एक सूचना होती, फारशी चर्चेत न येणारी. प्रत्येक कुटुंबाला एक ठरावीक, नावानिशी माहीत असलेली व्यक्ती द्यावी. आईबापांनी काहीही विचारायचं तर तिला विचारायचं. २०१४ च्या कायद्याने तिथे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा मिळून एकच आराखडा केला, वयाच्या २५ वर्षांपर्यंतचा. त्यात एखादी आरोग्यसेवा लिहिली असेल तर ती मिळवून देणं आरोग्य यंत्रणेवर बंधनकारक आहे. शिवाय दोन्ही बाजूंना जोडणारा, त्याच कामासाठी नेमलेला डॉक्टर किंवा आरोग्य अधिकारी भागाभागात असतो. तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. रांगा लांब आहेत आणि पालक न्यायाधिकरणात भांडतात. पण तिथल्या वाक्याला कर्ता आहे. कुणाशी भांडायचं ते तरी माहीत आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९.६३ लाख. तेव्हा सातच प्रकारांचा कायदा होता हे लक्षात घ्या. नुसत्या आकड्याने मुलाला काही मिळत नाही, हे मला मान्य. पण एवढ्या घरांतून तशीच एकेक पिशवी फिरते आहे, हे त्यातून कळतं.

आपल्याला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी एकच आठवण करून देतो. पोलिओ. १३ जानेवारी २०११ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते कसं जमलं? अंगणवाडीताई, आरोग्यसेविका, शिक्षक सगळे एकाच यादीवर काम करत होते. बोटाला शाई, घराला खडूची खूण, आणि राहिलेल्या घरी पुन्हा फेरी. भट्टीवर, स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर जाऊन बाळांना थेंब पाजले. मीही त्या बूथवर बसलो आहे. तिथे "संदर्भित केले" लिहून वही मिटत नव्हती. बाळाच्या तोंडात थेंब पडला का, हे बघितल्याशिवाय दिवस संपत नव्हता. मग कान, डोळे, बोलणं, चालणं यांच्या बाबतीत आपण वही का मिटतो?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. नवी योजना नको, नवं खातं तर मुळीच नको.

पहिलं, तालुक्याला एक माणूस नेमा, ज्याच्या नावावर ही मुलं असतील. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक हे काम करू शकतात. त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले, एकेकाकडे ढीगभर शाळा. त्यांना हे काम द्यायचं तर आरोग्याच्या यादीत डोकावण्याचा अधिकारही द्या.

दुसरं, आरोग्य पथकाची यादी आणि शाळेची यादी वर्षातून एकदा शाळा व्यवस्थापन समितीत शेजारी शेजारी ठेवून वाचा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, कायद्यानेच. अर्ध्या तासाचं काम आहे. मुलाची अडचण चारचौघांत चघळायची नाही, एवढं पथ्य पाळा.

तिसरं, दवाखान्याची तारीख दिवाळीच्या आत द्या. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण तारीख देणाऱ्याला सांगावं लागतं.

चौथं, "संदर्भित" या रकान्याच्या पुढे आणखी एक रकाना आखा : "पोहोचला का?" पट्टी आणि पेन्सिल एवढाच खर्च.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षांत मी माझ्या शाळेत दोन वह्यांची एक वही केली होती. पथक येऊन गेलं की त्याच आठवड्यात आईबापांना बोलवायचो आणि जाण्याचा दिवस ठरवायचो. बाप येणार नसेल तर आशाताई सोबत जायच्या. परत आल्यावर त्या रकान्यात बरोबरची खूण. फार मोठं काही केलं असं नाही. हे मी पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

तो मुलगा आज विशीत आहे. श्रवणयंत्र मिळालं, पण उशिरा. आवाज येतो, शब्द नीट लागत नाहीत. ओठ बघून समजून घेतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटला तेव्हा माझ्या पाया पडला. मी काय बोललो ते त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गेलात, तर एवढंच विचारा : "यंदा तपासणीत किती मुलं पुढे पाठवली, आणि त्यातली किती पोहोचली?" उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. नाही मिळालं, तर त्याहून आधी कळवा. तुमच्या शाळेत मी स्वतः येईन, आपण मिळून कपाट उघडू.

(ही पोस्ट हवी तिथे पाठवा, माझी परवानगी विचारू नका. शिक्षक मित्रांनी तर नक्कीच.)